सिस्टरचे शिक्षण आणि आपल्या वस्त्या



आपल्या मंडळ्यांतील अनेक मुली नर्स म्हणून सेवा करतात. म्हणून नर्सेसच्या नोंदणीचे नियम आपण सर्वांनी समजून घ्यावेत असे मला वाटते.

सध्याची पद्धत अशी आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर नर्सची नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. तिचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी 150 तासांचे पुढील शिक्षण लागते. म्हणजे वर्षाला 30 तास, साधारण 5 दिवस. चालू नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

आता 2023 साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग कायदा मंजूर केला आहे. 1947 च्या कायद्याने आलेल्या भारतीय नर्सिंग कौन्सिलची जागा हा आयोग घेणार आहे. राज्यांतही राज्य आयोग असतील. त्यामुळे आपले म्हणणे मांडण्याची वेळ हीच आहे.

हे शिक्षण हवेच. एक उदाहरण देतो. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. हा आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी करणे आणि जोडप्याला हे न घाबरवता समजावणे सिस्टरलाच करावे लागते. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या सिस्टरला ते कोणीतरी शिकवायला नको का?

अडचण आहे ती वेळेची आणि खर्चाची. आदिवासी भागातील एका उपकेंद्राकडे 3000 लोकसंख्या असते. सिस्टर दोन दिवस कार्यशाळेला गेली, तर लसीकरण व गरोदर मातांची तपासणी अडते. छोट्या खाजगी दवाखान्यातील मुलीची तर रजाही बिनपगारी होते. पेडगावहून परभणी जवळ आहे, पण मान्यताप्राप्त कार्यशाळा दूरच्या शहरात असली तर प्रवास, मुक्काम आणि फी तिच्याच पदरून जाते.

म्हणून माझ्या मते नव्या नियमांत तीन गोष्टी असाव्यात : तास कमी करू नयेत, तालुक्याच्या ठिकाणी, मराठीतून मान्य प्रशिक्षण मिळावे, आणि त्या दिवसांची रजा भरपगारी असावी.

चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. त्या काळी ठाऊक असलेला तो उपचार होता. आपल्या वस्त्यांनाही आजच्या काळाचा उपचार मिळायला हवा.

आपण काय करू शकतो?
• मंडळीतील नर्स भगिनीला तिच्या नूतनीकरणाची तारीख विचारा.
• एका भगिनीचा प्रशिक्षणाचा खर्च उचला.
• नियम ठरवणाऱ्यांना सुज्ञता मिळावी म्हणून प्रार्थना करा.