गाडीवर नाव

'कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी' ही म्हण आपण दैवाचे फासे कसे पालटतात हे सांगण्यासाठी वापरतो. आज मला तिचा पूर्वार्ध शब्दशः घ्यावयाचा आहे. नाव पाण्यात असता तिची काळजी कशी घ्यावी, हे नावाड्याला कोणी शिकवावे लागत नाही. तीच नाव चाकांच्या गाड्यावर चढवून मोटारीमागे जोडली आणि पन्नास-शंभर किलोमीटर रस्त्याने न्यावयाची ठरली, म्हणजे मात्र जाणती माणसेही 'एवढी जड वस्तू, ती कोठे जाते!' असे म्हणून एखादा दोर टाकतात आणि निघतात. हा समज किती धोक्याचा आहे आणि त्यावर उपाय किती सोपा आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

विषय कोणास हौशी लोकांचा वाटेल. सुरतेसारख्या शहरात तो तसा नाही. सुरत हे जुने बंदर. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया जहाजे बांधण्यासाठी येथूनच मुंबईस गेले. पण येथील नावेशी सामान्य माणसाचा संबंध येतो तो समुद्रामुळे नव्हे, तापीमुळे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली ही नदी खानदेश ओलांडून सुरतेस येते. १९६८ च्या पुराने शहराची दैना केली. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, तेव्हा पुराचे भय संपले असे पुष्कळांना वाटले. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणातून दर सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. रांदेर, अडाजण यांसारख्या भागांत लोक माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकून पडले. त्यांच्यापर्यंत दूध, औषध आणि धीर पोहोचविण्यास नावेखेरीज साधन नव्हते.

आता ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, पुराच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या नावा बहुधा रस्त्यानेच येतात. अग्निशमन दलाची नाव ठाण्यात असते, आपत्ती निवारण दलाची तुकडी दुसऱ्या जिल्ह्यात असते. २०१९ साली सांगली-कोल्हापुरास आणि २०२१ साली चिपळूणला जी मदत गेली, तीही अशीच दुरून गेली. म्हणजे नावेचा पहिला प्रवास पाण्यावरचा नसून डांबरावरचा असतो. त्या प्रवासात तिचा तळ चिरला, इंजिन निखळले किंवा ती वाटेतच घसरून पडली, तर गच्चीवर वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती निघालीच नव्हती असे होते. शिवाय मागून येणाऱ्या सायकलस्वाराचा विचार वेगळाच करावयास हवा.

नाव गाड्यावरून हलते कशी, ते प्रथम पाहू. चालत्या गाडीवरील प्रत्येक वस्तूला आपली गती टिकवावयाची असते. गाडी थांबली तरी नाव पुढे जाऊ पाहते. गाडी झटक्याने सुटली तर ती मागे राहू पाहते. वळणावर ती बाहेरच्या बाजूस ओढ घेते. आणि खड्डा किंवा गतिरोधक आला की वर उडते. पुढे, मागे, बाजूला आणि वर अशा या चार वाटा आहेत. वजन या वाटा बंद करीत नाही, उलट नाव जितकी जड, तितकी तिची ओढ अधिक.

आकड्यांनी हे स्पष्ट होईल. इंजिनासह ५०० किलो वजनाची नाव ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि चालकाने जोराने ब्रेक दाबून गाडी २० मीटरांत उभी केली, असे समजा. हिशेब केला तर नाव पुढच्या दिशेने सुमारे ३५० किलो वजनाइतका जोर लावते. सात पोती धान्य अंगावर यावे तसा हा प्रकार आहे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर तीच नाव ताशी ४० किलोमीटर वेगाने नेली, तर बाजूचा जोर सुमारे २१० किलो भरतो. म्हणूनच युरोपातील माल बांधण्याच्या नियमांत पुढच्या दिशेने वजनाच्या आठ दशांश आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका जोर सहन होईल, असे बंधन असावे म्हणतात. नाव वजनाने बसून राहील हा भरवसा किती पोकळ आहे, हे यावरून दिसते.

तेव्हा चारही वाटांना एकेक पहारेकरी नेमला पाहिजे. नावेच्या पुढच्या टोकापासून, म्हणजे नाळेपासून, आरंभ करू. ट्रेलरच्या पुढील खांबावर एक हाताने फिरवावयाचा रहाट असतो. त्याला विंच म्हणतात. त्याचा पट्टा नाळेच्या कडीत अडकवून नाव ट्रेलरवर ओढून घेतात आणि नाळ रबरी ठोकळ्यास घट्ट भिडवितात. हा ठोकळा नावेस पुढे जाऊ देत नाही. येथेच पुष्कळांची समजूत चुकते. रहाट हे नाव ओढण्याचे साधन आहे, बांधण्याचे नव्हे. त्याची दातेरी कळ धक्क्याने सुटू शकते, पट्टा झिजलेला असू शकतो. म्हणून नाळेच्या त्याच कडीतून एक वेगळी साखळी किंवा पट्टा ट्रेलरच्या सांगाड्यास बांधावा. रहाट दगा देईल तेव्हा ती साखळी उपयोगी पडेल.

दुसरे बंधन पिछाडीचे, आणि तेच सर्वांत अधिक वगळले जाते. नावेच्या मागच्या फळीवर दोन्ही बाजूंना कड्या असतात. प्रत्येक कडीतून एक स्वतंत्र पट्टा ट्रेलरच्या मागील आडव्या लोखंडास खाली खेचून बांधावा. पट्टे शक्य तितके आखूड असावेत, कारण लांब पट्टा अधिक ताणला जातो. हे दोन पट्टे नावेस वर उडू देत नाहीत आणि बाजूसही सरकू देत नाहीत. नुसती नाळ बांधलेली नाव खड्ड्यात पिछाडीने उसळते, आपटते, पुन्हा उसळते, आणि अशा शंभर आपटण्यांनी तळाला बारीक चीर पडते. ती चीर घरी दिसत नाही. पुराच्या पाण्यात दिसते.

लांबचा रस्ता असेल तर तिसरे बंधन नावेच्या मध्यावरून, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे घ्यावे. जेथे पट्टा काठावर टेकतो तेथे जाड कापड किंवा रबर घालावे, नाहीतर पट्टा काठाला आणि काठ पट्ट्याला कापीत राहतो. ताण देताना तारतम्य हवे. नाव ट्रेलरशी एकजीव व्हावी, पण तिच्या बरगड्या दबू नयेत. हवेने फुगविलेली रबरी नाव असेल तर अधिक सावध राहावे. तिच्या बाहेरून लावलेला हातात धरण्याचा दोर बुडणाऱ्याने पकडावा म्हणून असतो. नाव बांधण्यासाठी तो वापरला तर त्याच्या चिकटविलेल्या पट्ट्या उखडतात. उन्हात तिच्यातील हवा फुगते आणि पावसाच्या सरीने ती आकसते. मग सकाळी घट्ट असलेला पट्टा दुपारी सैल पडतो.

पट्टा कशाचा असावा? नायलॉनचा दोर ताणला जातो, आणि भिजला की अधिकच लांबतो. सुरतेचे माग ज्या पॉलिएस्टर धाग्याचे कापड विणतात, त्याच धाग्याचा रुंद, दातेरी कळीचा पट्टा या कामी उत्तम. तो कमी लांबतो आणि कळीने हवा तसा आवळता येतो. त्याच्यावर शिवलेल्या चिठ्ठीत तो किती भार पेलील हे लिहिलेले असते, ते वाचावे. काठावर कापलेला, उन्हाने कडक झालेला किंवा गाठ मारलेला पट्टा मोह न धरता टाकून द्यावा. आणखी एक बारकावा. सपाट लांब पट्टा वाऱ्याने थरथरतो आणि त्या थरथरीने सैल होतो. त्यास मध्ये एक पीळ दिला की थरथर थांबते. पट्ट्याचे मोकळे टोकही गुंडाळून बांधावे, नाहीतर ते चाकात जाते.

नाव ट्रेलरला बांधली, तरी ट्रेलर गाडीला नीट जोडलेला नसेल तर सारे व्यर्थ. गाडीच्या मागे पोलादी गोळा आणि ट्रेलरच्या दांडीस त्यावर बसणारी वाटी असते. दोन्ही एकाच मापाची असली पाहिजेत. वाटी बसवून कळ लावली व तीत खीळ घातली, की दांडी वर उचलून पाहावी. तिच्याबरोबर गाडीचा मागचा भागही उचलला जाऊ लागला, तर जोड बसला. त्यानंतर दोन संरक्षक साखळ्या दांडीखाली एकमेकींस छेद देऊन गाडीच्या सांगाड्यास लावाव्यात. छेद देण्याचे कारण असे की, जोड निसटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता त्या साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळ्या वळणापुरत्या सैल असाव्यात, पण जमिनीला घासू नयेत.

वजनाच्या तोलाविषयी आपल्या शेतकऱ्यास काही सांगावयास नको. बैलगाडीत मागे भार अधिक झाला तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे अधिक झाला तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही हुबेहूब तसेच आहे. एकूण वजनाचा सुमारे पाच ते दहा टक्के भार जोडावर पडावा. त्याहून कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीसही हेलकावतो. नावेत पेट्रोलचे डबे, नांगर, वल्ही पिछाडीस टाकण्याची सवय या डोलण्यास कारण होते. तसे डोलणे सुरू झालेच तर चालकाने जोराने ब्रेक दाबू नये. चक्र सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

इंजिनाकडेही पाहावयास हवे. नावेच्या मागे टांगलेले इंजिन रस्त्याला लागू नये म्हणून वर उचलतात. पण ते नुसते उचलून ठेवले तर प्रत्येक धक्क्यास मागच्या फळीवर हिसका बसतो. त्याला ट्रेलरवर टेकणारा आधाराचा दांडा द्यावा. मागची फळीही ट्रेलरच्या लाकडी पट्ट्यांवर पूर्ण टेकलेली असावी; ती अधांतरी राहिली तर इंजिनाच्या वजनाने तळ वाकतो. नावेतील सुटी वस्तू एक तर बांधावी किंवा काढून घ्यावी. पाऊस असेल तर तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे नावेत पाणी साठून वजन वाढत नाही. मात्र ते बूच चालकाच्या डोळ्यांसमोर लटकवावे, कारण बूच न लावता पाण्यात सोडलेली नाव बुडते.

पूरकार्याच्या ट्रेलरचा एक खास दोष आहे. तो वर्षभर उभा असतो आणि नेमका पावसाळ्यात धावतो. उभ्या टायरला भेगा पडतात, हवा उतरते. नाव उतरविताना चाके पाण्यात जातात. तापलेला तुंबा एकदम निवला की बारीक फटीतून पाणी आत शोषून घेतो आणि वंगण खराब करतो. म्हणून पाण्यात घालण्यापूर्वी चाके थोडी निवू द्यावी, मागील दिव्यांची तार सोडवावी, आणि परतल्यावर तुंब्यांत नवे वंगण भरावे.

हे सर्व करून निघाल्यावरही दहा-पंधरा किलोमीटरांवर एकदा थांबावे. पहिल्या धक्क्यांनी नाव बैठक घेते आणि पट्टे थोडे सैल होतात. ते पुन्हा आवळावे, तुंबे हाताने चाचपावे, साखळ्या पाहाव्या. सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असा धुळ्याकडे जाणारा रस्ता घेतला तर पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. तेथे चढापूर्वी आणि उतारापूर्वी असेच थांबावे, आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. मागे ट्रेलर असता गाडी थांबावयास अधिक अंतर लागते, हे चालकाने क्षणभरही विसरू नये.

यात कोणतीही गोष्ट खर्चाची नाही. चार पट्टे, तीन साखळ्या, एक आधाराचा दांडा आणि पंधरा मिनिटे, एवढेच लागते. परंतु ती पंधरा मिनिटे पुराच्या रात्री, भर पावसात आणि घाईत सापडावयाची नाहीत, जर उन्हाळ्यात सराव झालेला नसेल. म्हणून मृगापूर्वीच प्रत्येक ठाण्याने, प्रत्येक तरुण मंडळाने आपली नाव एकदा बांधून, पाचदहा किलोमीटर फिरवून आणावी. पट्टे कुलुपाच्या कोठीत न ठेवता ट्रेलरजवळच ठेवावेत. आणि एक नियम काटेकोर पाळावा: बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याने नाळ, पिछाडी, मध्य, जोड, साखळ्या, इंजिन, दिवे, बूच ही नावे मोठ्याने घ्यावीत आणि प्रत्येकास हात लावून पाहावा. पुराचे पाणी किती येणार हे आपल्या हाती नाही. आपली नाव त्या पाण्यापर्यंत धड पोहोचेल की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.