एका कपाचे भाडे

हॉटेलात आपण चहाचे पैसे देतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. चहा म्हणजे असतो काय? चमचाभर पत्ती, तेवढीच साखर, थोडे दूध आणि पुष्कळसे उकळते पाणी. त्याची किंमत ती कितीशी! उरलेले पैसे आपण देतो ते खुर्चीचे. कप हे निमित्त. बिल होते ते बसण्याचे. शिवाजी पार्क आणि दादर या परिसरात जे कवी, नट, चित्रकार आणि गवई वावरले, त्यांची गोष्ट पुष्कळांनी पुष्कळ प्रकारांनी सांगितली आहे. ती या खुर्चीच्या भाड्याची गोष्ट म्हणूनही सांगता येईल.

आरंभ अर्थातच इराण्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी यझ्द आणि केरमानकडून मुंबईत आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी नाक्यानाक्यावर हॉटेले थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी ती घेत नसत आणि तेच इराण्याच्या पथ्यावर पडले, असे सांगतात. खरेखोटे तो नाका जाणे! धोबीतलावची कयानी 1904 सालची आहे. तिथली असो वा दादरची, इराण्याच्या हॉटेलाची मांडणी एकच: संगमरवरी टेबले, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई, गल्ल्यावर मालक, आणि वाकवलेल्या लाकडाची ती काळपट, गोल बैठकीची खुर्ची. ही खुर्ची जन्माने व्हिएन्नाची. मिखाएल टोनेट नावाच्या कारागिराने लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची युक्ती साधली आणि 1859 साली ती खुर्ची बाजारात आणली. व्हिएन्नाच्या कॅफेत ती गेली. तिथे एक कॉफी आणि पाण्याचा पेला एवढ्यावर लेखक दिवसभर वर्तमानपत्रे चाळीत बसत. पीटर आल्टेनबर्ग हा लेखक तर आपल्या टपालाचा पत्ताच ‘कॅफे सेंट्रल’ असा देई. तीच खुर्ची आणि तोच संगमरवर आमच्या इराण्याने आणला. फक्त कॉफीच्या जागी ‘पानी कम’ आणि केकच्या जागी ब्रून मस्का आला.

पण इराणी बसू का देत असे? तो काही साहित्यसेवेसाठी इराण सोडून आला नव्हता. मला वाटते, याचे उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात नाही, कायद्याच्या पुस्तकात आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी 1940 सालच्या पातळीवर गोठवली. ज्या दुकानदाराचे भाडे वर्षानुवर्षे हलत नाही, त्याला एक टेबल दोन तास अडले तरी रात्रीची झोप उडत नाही. नवकवितेच्या आणि नवकथेच्या काळात मुंबईतली खुर्ची स्वस्त होती, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी कुठे नोंदवल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरे कारण घराचे. 1925 साली महापालिकेने माहीम पार्क म्हणून हे मैदान खुले केले. 1927 साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. भोवती गोलसर गॅलऱ्यांच्या टुमदार इमारती उठल्या. बाहेरून टुमदार, आत दोन खोल्यांत सात माणसे. अशा घरात चार मित्र जमवून नाटकाचे वाचन करायचे म्हणजे आजोबांना जिन्यात बसवावे लागे. तेव्हा वाचन इराण्याकडे आणि भांडण कट्ट्यावर, अशी वाटणी आपोआप झाली.

या वाटणीत बायका कुठे होत्या, हा प्रश्न विचारायला हवा. इराण्याकडे ‘फॅमिली रूम’ असे. पण तिथे नवऱ्याबरोबर जाऊन आइस्क्रीम खाऊन उठायचे, कवितेवर वाद घालीत रेंगाळायचे नाही. जुन्या आठवणींत जे ‘आम्ही सगळे’ भेटते ते बहुतेक ‘आम्ही सगळे पुरुष’ असते. आज कट्ट्यावर रात्री दहा वाजता मुली निवांत बसलेल्या दिसतात. जुन्या दिवसांसाठी उसासे टाकणाऱ्यांनी तेवढे जमेच्या बाजूला धरावे.

खुर्ची स्वस्त असली की काय घडते याचा दादरमधला मोठा दाखला छबिलदासचा. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी 1971 साली ‘आविष्कार’ स्थापन केली आणि 1974 पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू झाले. दिवसा जिथे मुले पाढे म्हणत, तिथे संध्याकाळी सत्यदेव दुबे आणि अमोल पालेकर यांच्यासारखी माणसे नाटके करू लागली. पडदा नाही, रंगमंच म्हणावा तर तोही नाही. प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर. प्रयोग संपला की सगळे खाली गल्लीत. त्या गल्लीतला बटाटेवडा आजही प्रसिद्ध आहे. एका हातात वडा आणि दुसऱ्या हातात चहा घेऊन नाटककारापुढे उभे राहून ‘तुमचा दुसरा अंक पडला’ असे सांगण्याची जी सोय तिथे होती, ती नाट्यगृहाच्या प्रेस शोमध्ये नसते. पुढे ती जागा सुटली आणि ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेली.

आता कॉफीचे. आम्हा मराठी माणसांची कॉफी म्हणजे जायफळ-वेलदोडा घातलेली, पाहुण्यांसाठी किंवा कोजागरीसाठी राखून ठेवलेली. पितळेच्या पेल्यातली फेसाळ कॉफी आम्हाला माटुंग्याने शिकवली. तिथला कॅफे मद्रास 1940 सालचा. कॉफी अशी की नाव घ्यावे. पण बाहेर रांग उभी असते आणि रांगेतली नजर तुमच्या शेवटच्या घोटावर खिळलेली असते. शिवाजी पार्कच्या बाजूला ‘प्रकाश’ आणि ‘आस्वाद’ यांचेही तेच. 1986 साली सुरू झालेल्या आस्वादच्या मिसळीला 2015 साली लंडनमध्ये पारितोषिक मिळाले, तेव्हा सगळ्या दादरला आपणच ती केल्यासारखे वाटले. पण मिसळ संपवून तिथे कादंबरीवर चर्चा करून पाहा! दोष मालकाचा नाही. आजच्या जागेच्या भावात टेबल दर वीस मिनिटांनी रिकामे झाले तरच मिसळ परवडते. इराणीही याच भावाने उठला. ज्याची जागा सोन्याची झाली, त्याने मस्का लावीत का बसावे?

आणि ज्या नव्या, थंडगार कॉफीगृहांत बसू देतात, तिथे खुर्चीचे भाडे कपात उघड मिळवलेले असते. तिथे कलावंत दिसतात. पटकथा लिहितात, कानांत यंत्र घालून चाली ऐकतात. पण एका टेबलाला एक कलावंत. शेजारच्या टेबलावरून ‘काय लिहितोस रे?’ असे कोणी विचारीत नाही. विचारले तर ते असभ्य ठरते.

दक्षिण मुंबईत तरी काय उरले? जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ 1964 पासून चित्रकारांचे माजघर होते. गॅलरीशी जागेवरून चाललेला दीर्घ वाद संपून 31 मार्च 2015 ला ते बंद झाले. समोरच्या ‘वेसाइड इन’मध्ये अरुण कोलटकर दर गुरुवारी मित्रांसह बसत, त्या खिडकीतून दिसणारी भिकारी, कुत्री, पोरे त्यांच्या 2004 सालच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. ते हॉटेलही गेले. पुस्तक राहिले, ही आपली मिळकत.

कलकत्त्याचे उदाहरण मात्र वेगळे आहे. कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाउस अजून गजबजलेले असते. 1950 नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. खुर्ची पुसणाराच खुर्चीचा मालक झाला! सहकाराची महती आम्ही महाराष्ट्रीयांनी जगाला सांगितली. साखर कारखाने काढले, बँका काढल्या, पण दादरला एक कॉफीगृह काढण्याचे कोणाला सुचले नाही. शिवाजी पार्कवर दरसाल बेंगॉल क्लबची दुर्गापूजा होते, तेव्हा बंगाली मंडळींचा ‘अड्डा’ आणि आमचा ‘कट्टा’ शेजारी शेजारी बसतात. अड्डा हा माणसांचा जमाव. कट्टा ही जागा, सिमेंटची. भाषेनेच फरक सांगून ठेवला आहे.

हा कट्टा सव्वा किलोमीटरला थोडा कमी भरतो. त्याला मालक नाही, गल्ला नाही, ‘और कुछ?’ म्हणणारा पोऱ्या नाही. 2010 साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. ठरावीक दिवस सोडले तर ध्वनिक्षेपक बंद झाला. रहिवाशांचे कान सुटले, सभा आणि जलसे करणारे हिरमुसले. पण गळ्याला बंदी नाही. म्हणून संध्याकाळी निवृत्त मंडळींचे कोंडाळे मोबाइलच्या तानपुऱ्यावर बारीक आवाजात नाट्यपद लावते, पलीकडे कॉलेजची पोरे गिटार घेऊन बसतात. आणि एखाद्या आजोबांना राहवत नाही, ते उठून त्या पोरांना सांगतात, ‘अरे, तो गंधार चढा लागतोय.’ पोरे हसतात, आणि पुन्हा वाजवून पाहतात.

कट्ट्याला छप्पर नाही, एवढेच त्याचे उणे. पावसाळ्याचे चार महिने ही मैफल मोडते. कोणी दुकानाच्या वळचणीला उभे राहतात, बाकीचे घरी जातात. इतर दिवसांत मात्र काळोख पडला की सायकलीला स्टीलचा डबा अडकवलेला चहाकॉफीवाला येतो. कॉफी फारशी चांगली नसते. पालिकेची गाडी दिसली की तो अर्धा कप ओतता ओतता पसार होतो. मग दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा कप न विसरता देतो.