नवोदित कोण? फेलोशिपच्या पात्रतेविषयी

नवोदित स्त्री-कलावंतांसाठी आणि स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच चौकटीत स्वतःला न बसवणाऱ्या, म्हणजे नॉन-बायनरी कलावंतांसाठी असलेल्या फेलोशिपची चर्चा बहुधा रकमेपाशी थांबते. माझ्या मते रकमेआधी पात्रतेचा मजकूर वाचावा.

पहिला शब्द 'नवोदित'. आपल्याकडे तो वयाने मोजण्याची सवय आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० या वयोगटासाठी असते. दोन वर्षे, दरमहा १०,००० रुपये. चाळिशीपुढे वरिष्ठ फेलोशिप, दरमहा २०,००० रुपये. २०२१ मध्ये युवा लेखकांसाठी निघालेल्या पंतप्रधान योजनेत मर्यादा तिशीची होती. योजना चांगल्या आहेत. देशव्यापी असल्याने बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यात राहून मराठीत लिहिणाऱ्यांना तर सोयीच्याच. पण पंचविशी ते चाळिशी ही वर्षे कितीतरी बायकांची बाळंतपणांत आणि घरच्यांच्या आजारपणांत जातात. त्यातून मोकळी झालेली बाई वयाने वरिष्ठ आणि कामाने नवोदित असते. वरिष्ठ गटात मागील कामाचा दाखला तिने आणायचा कुठून? लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८चा. 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागली १९३४ मध्ये. त्यांना कोणत्या रकान्यात बसवले असते?

अमेरिकेत छायाचित्रकार सुसान उंटरबर्ग यांनी १९९६ मध्ये 'अनॉनिमस वॉज अ वुमन' हे अनुदान सुरू केले. तिथल्या राष्ट्रीय कलानिधीने एकेकट्या कलावंतांना पैसे देणे बंद केले, त्याला हे उत्तर होते. अट अशी, की कलावंत स्त्री चाळिशीपुढची हवी. आपल्याकडे जी वरची मर्यादा, ती इथे खालची झाली. आरंभी रक्कम २५,००० डॉलर होती आणि देणारीचे नाव २०१८ पर्यंत गुप्त होते. संस्थेचे नाव व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन'वरून घेतलेले. वुल्फबाईंनी मागितलेली खोली मात्र दुसऱ्या एका ठिकाणी मिळते. व्हिडबी बेटावरचे 'हेजब्रुक' १९८८ पासून लेखिकांना स्वतंत्र कुटी आणि तयार जेवण देते. कुटी सहाच आहेत. स्वयंपाकाची पाळी चुकणे ही केवढी मोठी देणगी आहे, हे पुरुष परीक्षकांना समजावून सांगावे लागते!

हेजब्रुकच्या निमंत्रणात आता नॉन-बायनरी लेखकही येतात. असे निमंत्रण मराठीत काढायचे, तर अडचण वेगळी. 'इच्छुक लेखक-लेखिका' म्हटले की दोन्ही दारे लिंगाची झाली. व्याकरणातले नपुंसकलिंग माणसाला लावणे तर अपमानच. मात्र 'अर्जदाराने नमुना पाठवावा' या रचनेत क्रियापद कर्त्याचे लिंग पाहत नाही. 'ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी' हेही तसेच. सरकारी वाटणारी ही वाक्ये इथे उपयोगी पडतात.

खरी अडचण अर्जदाराच्या आत्मनिवेदनात येते. इंग्रजीत 'मी' लिंग सांगत नाही. मराठीत 'लिहितो' की 'लिहिते' हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. विद्यार्थ्यांना मी एवढे दाखवते: 'मी लिहीत आहे', 'मी लिहिले', 'मी लिहीन', 'मी लिहिणार आहे' यांतून लिंग कळत नाही. 'वाढलो-वाढले' टाळून 'माझे बालपण डिचोलीत गेले' म्हणता येते. पानभर निवेदन असे लिहिता येते आणि ते ओढूनताणून केलेले वाटत नाही.

ज्यांना हा वळसा नको, त्यांनी हवे ते रूप वापरावे. अर्जावर स्त्रीचे नाव आणि निवेदनात 'मी लिहितो' दिसले, तर परीक्षकांनी व्याकरणाची चूक म्हणून लाल रेघ मारू नये. कोल्हापूरकडच्या मुली 'मी जातो', 'मी आलो' असे सर्रास बोलतात, आणि त्यांच्या आयांनाही त्यात वावगे वाटत नाही.