परमुलखीच्या शुश्रूषेची सतरा वर्षे

ज्या जपानात 1970 साली पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा सात होते, तेथे ते 1994 मध्ये चौदावर आणि 2007 मध्ये एकविसाच्याही पुढे गेले. म्हाताऱ्यांची सेवा घरच्या सुनेनेच करावी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आता टिकणार नाही, हे ओळखून तेथील सरकारने एप्रिल 2000 पासून शुश्रूषा-विम्याचा कायदा अमलात आणला. पैशाची तजवीज झाली. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्हाऊ घालण्यास, दोन घास भरविण्यास आणि रात्री-अपरात्री उठून त्याची कूस बदलण्यास लागणारी माणसे विमा कोठून आणणार?

ती परमुलखातून आणण्याची वाट निघाली व्यापारी करारनाम्यांमधून. फिलिपाइन्सशी 2006 मध्ये आणि इंडोनेशियाशी 2007 मध्ये झालेल्या आर्थिक भागीदारीच्या करारांत, जकातीच्या कलमांच्या पंगतीला, परिचारिका व वृद्धसेवक यांच्या प्रवेशाची तरतूद आली. ऑगस्ट 2008 मध्ये इंडोनेशियाची पहिली तुकडी दाखल झाली, पुढील वर्षी फिलिपाइन्सची आणि 2014 मध्ये व्हिएतनामची. मनुष्यबळाच्या टंचाईशी या योजनेचा संबंध नाही, अशी जपानची अधिकृत भूमिका होती, आणि माझ्या मते सारा घोळ तेथूनच सुरू झाला; कारण गरजच कबूल नसल्यावर तिच्यापोटी येणारे दायित्व तरी कोण पत्करणार?

त्याचे फळ परीक्षेत दिसले. तीन वर्षे शुश्रूषागृहात राबावे, चौथ्या वर्षी जपानी उमेदवारांच्या बरोबरीने, जपानी भाषेतच, राष्ट्रीय परीक्षा द्यावी आणि नापास झाल्यास गाशा गुंडाळून मायदेशी परतावे, असा मूळ नियम होता. निजून निजून पाठीला पडणारे व्रण वेळीच हेरून, कातडीला ओरखडाही न उमटू देता म्हातारीला कुशीवर वळविणे जिच्या हातांना साधले होते, तीच मुलगी त्या व्रणाच्या नावाची दुर्घट चित्राक्षरे प्रश्नपत्रिकेत पाहून अडून पडे. जानेवारी 2012 मधील परीक्षेस या योजनेतील वृद्धसेवक प्रथमच बसले. 95 पैकी 36 उत्तीर्ण झाले. पुढल्या वर्षीपासून त्यांच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक चित्राक्षरावर उच्चार छापला जाऊ लागला आणि वेळ दीडपट मिळू लागला. एवढीशी ही सुधारणा. पण ती सुचेपर्यंत कित्येकांनी धास्तीत रात्री जागवून काढल्या असतील!

त्यानंतर मात्र दारे भराभर उघडली. 2017 मध्ये पात्र सेवकांसाठी निवासाचा स्वतंत्र परवाना आला, आणि एप्रिल 2019 च्या नव्या व्यवस्थेने तर टंचाई उघडपणे मान्य करून पाच वर्षांत 60,000 पर्यंत वृद्धसेवक घेण्याची मर्यादा ठरविली. जे सत्य शुश्रूषागृहातल्या आजी-आजोबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, ते कायद्याच्या दप्तरी नोंदले जाण्यास दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला. एप्रिल 2025 पासून या सेवकांना वृद्धांच्या घरी जाऊन सेवा करण्याचीही मुभा मिळाली आहे.

दुसरी बाजू तितकीच निकडीची आहे. व्हिएतनाम, इंडोनेशिया हे देशही वेगाने म्हातारे होत आहेत. जपानने 2016 मध्ये आशियासाठी मांडलेल्या आरोग्ययोजनेत, शिकून परतणाऱ्या सेवकांनी मायदेशी वृद्धसेवा उभारावी, हा विचार होता, आणि या साऱ्या प्रवासातील मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. जानेवारी 2021 मध्ये भारतानेही जपानशी कुशल कामगारांविषयी करार केला असून वृद्धसेवा त्यात अंतर्भूत आहे. तेव्हा तेथून अनुभव घेऊन परतणाऱ्या आपल्या मुलामुलींना येथे कोणत्या वेतनावर, कोणत्या हुद्द्यावर सामावून घ्यावयाचे, हे त्यांना निरोप देण्याआधीच ठरले पाहिजे.