अर्ध्या मिलिमीटरची मूर्तिकला

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता भेटतात. या वाटांवरच्या गावांत लग्नकार्यात पुतळ्यांची माळ अजूनही गळ्यात दिसते. तिच्या पुतळीमागे आहे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. 1284 साली सुरू झालेलं हे नाणं व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरलं. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून निशाण घेणारा व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. 1797 मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत हे चित्र जवळजवळ तसंच राहिलं.

थक्क करतं ते या चित्राला मिळालेलं माप. वजन साडेतीन ग्रॅम, व्यास सुमारे 2 सेंटिमीटर. सोन्याची घनता 19.3 धरून हिशेब केला, तर सरासरी जाडी येते जेमतेम 0.6 मिलिमीटर. तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या आकृत्या बसवायच्या! खरी खोली शक्यच नाही, म्हणून कारागीर ती भासवतो. झग्याच्या चुण्या समांतर रेषांत उतरवतो, कडा धारदार ठेवतो आणि अंगाचा गोलावा तिरप्या उजेडाच्या सावलीवर सोपवतो. हे सगळं ठशात उलटं आणि खोलगट कोरायचं.

सोनं त्याला साथ देतं. त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे घाव बसताच धातू न तडकता ठशाच्या खाचांत शिरतो. खाच फार खोल असली, तर मात्र एका घावात ती भरत नाही. 1907 साली अमेरिकेत शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्या वीस डॉलरच्या नाण्यापुढे हीच अडचण आली. उठाव इतका उंच, की एकेक नाणं पुन्हा पुन्हा दाबावं लागे. अखेर चलनासाठी तो कमी केला गेला.

शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकानंतरच्या शिवराई होनावर तर आकृतीच नाही. सुमारे पावणेतीन ग्रॅम सोन्यावर ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’ आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. सोन्यातून वर आलेली ती भरीव अक्षरं मला शिल्पच वाटतात.

घरातली जुनी पुतळी मोडीत घालण्यापूर्वी एकदा उलटून पाहा. पुढची आकृती मागे खोलगट उमटली असेल, तर ती पत्र्यावर ठसा दाबून केलेली. दोन्ही बाजूंना वेगळी चित्रं असतील, पण अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या असतील, तर बहुधा इकडच्या कारागिराने केलेली नक्कल. लॅटिन अक्षरं स्पष्ट लागली, तर जाणकाराला दाखवा. तोवर उजळायला मात्र देऊ नका, कारण घासताना सर्वांत उंच भाग आधी जातो आणि आकृतीत तो बहुधा चेहराच असतो.