शब्द मिळाला, समुद्र नाही

नाखवा मंडळी, निवडणुकीत शब्द ऐकायची आपल्याला सवय आहे. ब्रिटनच्या मच्छीमारांचं काय झालं, ते वाचा.

१५ जून २०१६ ला त्यांच्या बोटी थेट लंडनच्या थेम्स नदीत शिरल्या. मागणी एकच, युरोपीय संघातून बाहेर पडा, आमचा समुद्र आमच्या हाती द्या. पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनं तसा शब्दही दिला. १२ सागरी मैलांच्या आत परकी बोट नको, एवढीच अपेक्षा. आपल्या राज्याची हद्दही १२ मैलांचीच, त्यामुळे हे दुखणं आपल्याला कळतं.

२४ डिसेंबर २०२० ला करार झाला. युरोपच्या वाट्यातला २५ टक्के हिस्सा परत, तोही साडेपाच वर्षांत थोडा थोडा. काही भागांत ६ ते १२ मैलांत परक्या बोटी चालूच. वर कागदपत्रांचा घोळ. ताजी मासळी कागदासाठी थांबते थोडीच? १८ जानेवारी २०२१ ला मासळीवाले ट्रक घेऊन सरकारच्या दारात गेले.

मग २३ सप्टेंबर २०२२ चं मिनी बजेट. लोक महागाईनं मेटाकुटीला आलेले, आणि सरकार वर्षाला दीड लाख पौंडांवर कमावणाऱ्यांचा ४५ टक्क्यांचा कर काढायला निघालं! लोक भडकले, १० दिवसांत माघार. २०२४ ला मतदारांनी हिशेब चुकता केला. पक्षाला जागा उरल्या १२१.

मालीम असो की कुटबण, डिझेल असो की जेटी, तोंडी शब्दावर जाळं टाकू नका. किती, कधी, कुठल्या खात्यातून, हे लेखी मागा. आणि बजेटच्या दिवशी तो कागद काढून ताडून बघा.