समुद्रातील गळ

मल्हारगंजातील घराघरांत १९७८ पासून नर्मदा नळाने येते. समुद्र मात्र सुटीतच भेटतो. कोकणात वा गोव्यात होडी भाड्याने करून मुलाबाळांसह गळ टाकू पाहणाऱ्यांनी नदीकाठची सवय घरीच ठेवावी. सुरमई स्थिर आमिषाला क्वचितच लागते. ती पळत्या लहान माशांवर झडप घालते. म्हणून होडी चालती ठेवून चकचकीत आमिष मागून ओढीत नेतात. तिचे दात धारदार असल्याने गळाशी दोरा न बांधता तार जोडतात; मुलांची बोटेही तिच्या तोंडापासून दूरच बरी. १ जून ते ३१ जुलै या काळात तेथे यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. एरवीही तांडेल ‘आज नको’ म्हणाला, तर आगाऊ दिलेल्या पैशांकडे पाहून हट्ट धरू नये. धाकट्याच्या अंगात त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट चढल्याखेरीज होडी किनाऱ्यावरून हलू देऊ नये.